पाहुण्यांचा नंबर पहिला

भिगवण, शुक्रवार, दुपारची गिऱ्हाईकं उठल्यावर

आमचे जावई अरफातमियाँ यांना सासू सुरैय्याचा सलाम आणि पोटभर दुवा.

आमी हितं समदी खुशाल हाय. तुमची तब्येत बरी असंल. विहीणबाईंचे गुडघे कसे हायेत? त्यांना माझा सलाम सांगा. साजियाला आठवा लागला, ती कशी हाय ते मी विचारत न्हाय, कारण ते विचारलं की पुढचं बोलणं निघतं, आणि मागल्या वेळी तुमी म्हणालात की अम्मी, त्यावर आता बोलायचं न्हाय. तर न्हाय बोलत. (पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत काय मी काढलेली न्हाय, एवढंच.)

फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. तुमी माझे आवाजातले निरोप दुप्पट वेगानं पळवून ऐकता, असं साजियाच्या तोंडून निघून गेलं. पत्र काय पळवता येत न्हाय. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, बोट ठेवून वाचावं लागंल. हे पत्र माशांच्या टेम्पोतनं पुण्याला धाडतेय. वास आला तर तो चिलापीचा समजा, माझा न्हाय.

आता तुमच्या डब्याचं. मागल्या महिन्यात तुमी आलात, आणि साजियाला रस्त्यानं हलवण्यापेक्षा हितंच असं नेट बसवतो की मायलेकी रोज समोरासमोर बसल्यागत बोलाल, असं म्हणून हॉटेलात गल्ल्याच्या वर तो स्विच, म्हंजे नेट वाटून द्यायचा डबा, ठोकलात. (लेक मागितली, डबा मिळाला. पण त्यावर बोलायचं न्हाय.) एक वायर गल्ल्याच्या कॉम्प्युटरला, एक भटारखान्यातल्या ऑर्डरच्या स्क्रीनला, एक मागं आमच्या घराला, एक गिऱ्हाइकांच्या वायफायला. हा डबा शहाणा हाय म्हणालात, ह्याचं स्वतःचं एक पान हाय, कॉम्प्युटरवर नंबर टाकला की उघडतं, कुणाला आधी नेट द्यायचं ते तितं ठरतं. पासवर्ड सांगितलात, आणि वर म्हणालात हात लावू नका. अहो, ज्या वस्तूला हात लावायचा न्हाय तिचा पासवर्ड सासूला कशाला सांगायचा?

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पान उघडलं. निस्तं इंग्रजी. पण वायरींची नावं तुमी माझ्यासाठी मराठीत लिहिलेली दिसली. (बरं वाटलं. अख्ख्या भिगवणला सांगून आले.) नावापुढं आकडा, मोठा आकडा त्याला मान आधी, हे तुमीच सांगितलं होतं. बघते तर घर सगळ्यात वर, मग गल्ला, मग भटारखाना, आणि पाहुणे, म्हंजे गिऱ्हाइकांचं वायफाय, सगळ्यात खाली, पुढं शून्य! माझं डोकंच फिरलं. मी सणसरच्या घरात वाढले. पाहुणा हात धुऊन उठंस्तवर आमच्याकडं घरचं माणूस ताटाला शिवत नव्हतं. तुमच्याकडची रीत वेगळी असंल. (साखरपुड्याला विहीणबाई आमच्या आधी जेवायला बसल्या होत्या. शुगरमुळं बसल्या, मला माहीत हाय. मी कवाच सोडून दिलं ते.) तर मी सगळं उलटं केलं. पाहुण्यांना मोठ्यातला मोठा आकडा, घराला शून्य. आणि तुमी शिकवल्यापरमाणं सेव्ह दाबलं.

पाहुणे लई खूश झाले. फ्लेमिंगो बघायला येतात ना ती पुण्याची माणसं, हातभर कॅमेरे घेऊन, त्यांनी एकेका पिसाचे फोटो हितनंच धाडायला सुरुवात केली. एकानं अर्ध्या प्लेट सुक्यावर आख्खी क्रिकेटची मॅच बघितली. पण भटारखान्यात टेबलाची ऑर्डर यायची ती गिऱ्हाईक शिव्या देऊन गेल्यावर. आमची सारजा बिचारी स्क्रीन बघून इमानानं मासे तळायची. परवा विचारते, वहिनी, ही माणसं आता इंदापूरला पोचली असतील, मासं मागनं मोटरसायकलीवर धाडू का?

आणि सांजच्याला साजियाचा फोन. पडद्यावर पोरीचं तोंड उघडं ते उघडंच, एक डोळा मिटलेला. आवाज मागनं चालत यायचा. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर उत्तर आलं, दोन पोळ्या आणि दोडका. मी म्हणलं पाय सुजलेत का, तर म्हणाली परवा सांगतील. अशानं आईच्या जिवाला चैन कशी पडंल?

मग परत पान उघडलं. आकडे होते तसे करून मोकळं व्हायचं, पण एकदा पुढं बसवलेल्या पाहुण्याला उठवायचं कसं? मला ते जमंना. म्हणून दुसऱ्या पानावर गेले, जितं तुमी ते दोन पंगतींचं केलंय. लग्नात बायकांची पंगत वेगळी, पुरुषांची वेगळी, मधी पडदा, तसं पाहुण्यांचं नेट एकीकडं आणि आपलं एकीकडं, म्हंजे कुणी आपल्या गल्ल्यात डोकवायचं न्हाय. (तुमी सांगितलेल्यातलं मला हे एकच समजलं.) मी म्हणलं, यजमानानं पंगतीत फिरावं लागतं, तवा कळतं कोण किती वाढून घेतंय. म्हणून गल्ल्याचा कॉम्प्युटर त्या पानावरच उचलून पाहुण्यांच्या पंगतीत घातला आणि अप्लाय दाबलं.

पान गेलं! पांढरं फटक. नंबर परत टाकला, न्हाय. कपाळावर हात मारला तवा उमगलं. पाहुण्यांना डबा दिसू नये म्हणून तुमी लावलेला पडदा, आणि मी माझ्या हातानं पडद्याच्या बाहेर जाऊन बसले. आता बिलाचं मशीन गल्ल्याला दिसंना, आणि मला काही उलटं करता येईना. साजियाचे अब्बा (चाँदभाई म्हणून सगळा हायवे ज्यांना शहाणा समजतो) डोळ्यातनं पाणी येस्तवर हसले. तवापासनं मला पाहुणीबाई म्हणतात. पाहुणीबाई, चहा घेणार का? पाहुणीबाई, कुठल्या गावच्या? मी पण म्हणलं, घेते, टाका तुमीच.

तवा जावईबापू, रविवारी येऊन हे निस्तरून जा. गाडी तुमची मोठी हाय, शेजारची सीट मोकळीच येणार. मी काही म्हणत न्हाय.

तुमची सासू,
सुरैय्या

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात साजियाच्या अब्बांनी मिक्सर लावायला जागा न्हाय म्हणून डब्याचीच पिन उपटली. वाटण झालं, पिन परत लावली, आणि पान उघडलं! पंगतीचं निस्तं अप्लाय केलं होतं, सेव्ह दाबायच्या आधीच पान गेलं होतं, म्हणून बंद होऊन चालू झाल्यावर डबा ते विसरला. त्यांना वाटतंय त्यांनीच दुरुस्त केला. सगळ्या टेबलांवर सांगत फिरतायत. तर डब्यासाठी येऊ नका.

आणखी ता. क. आकडे तुमी लावले होते तसे लावले. पाहुण्यांना खाली बसवलं, अल्ला माफ करो. ऑर्डरी येळंवर यायला लागल्या. हे विहीणबाईंना सांगू नका.

शेवटची ता. क. आता सांजच्याला साजियाशी बोलले. एकदाबी अडकलं न्हाय, काचेगत चित्र. म्हणाली, मी मजेत हाय अम्मी, तू काळजी करू नगं. इतके दिवस तोंड वाकडं दिसलं की मी वायरीला शिव्या द्यायचे. आज वायरीचा काही दोष नव्हता, आणि तिचे डोळे रडून लाल झालेले मला चांगले दिसले. तुमी तिला लई जपता, मला माहीत हाय, पण ती भ्यालीय, आणि ते ती तुमाला सांगायची न्हाय. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलंय. गाडी हळू चालवा. तुमचं नेट एक नंबर हाय, अरफातमियाँ, त्यात काही खोट न्हाय. म्हणूनच सांगते, माझी लेक आणून सोडा.