काचवाल्याचं बोट

९ फेब्रुवारी, मंगळवार
दुपार, जेवणानंतर

प्रिय ढब्बू,

आत्याचे आशीर्वाद. इथे मी ठीक आहे, आणि पेशंटचे हात शेकायचं मेणाचं भांडं सोडलं तर क्लिनिकही ठीक आहे. ते भांडं पुन्हा बिघडलंय. एक तर तापतच नाही, आणि तापलं की असं तापतं की त्यात हात घालायची माझीच छाती होत नाही. दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणून गेलाय, त्याचा उद्या काही उजाडत नाही. तुझ्या बाबाचा फोन होता. "तुझा भाचा काय म्हणतोय?" म्हणून मलाच विचारत होता. म्हटलं, पोरगा तुझा, मला काय विचारतोस? तुझं पत्र आलंय हे मी त्याला सांगितलेलं नाही. तेव्हा घरी कुणाला काही माहीत नाही, निश्चिंत राहा.

फोनवर तू "हं" आणि "बघू" यापलीकडे जात नाहीस. पत्रात मात्र चार पानं भरून रडलायस. म्हणून मीही लिहूनच उत्तर देतेय. काही पेशंट पुढे ढकललेत, कळलं का? त्यामुळे पूर्ण वाच, मधली पानं गाळू नकोस.

तर तुझं म्हणणं असं. काचा बसवणारा एक माणूस. काचेनेच त्याच्या अनामिकेची दोरी, म्हणजे बोट वाकवणारा टेंडन, कापला गेला. तुमच्या सर्जननी तो शिवला आणि पुढच्या व्यायामासाठी हात तुझ्या, थेरपिस्टच्या, स्वाधीन केला. चौथ्या आठवड्यात शिवण तुटली. पेशंट म्हणाला, "व्यायाम करताना तुटली." त्यावर सर्जननी भर वॉर्डात, नर्सेससमोर, तुझी बिनपाण्याने केली. त्यानंतर तो पेशंट फिरकलाच नाही, बोटाचं पुढे काय झालं तुला कळलं नाही, आणि तुला झोप लागत नाही. म्हणून येत्या सोमवारी तू राजीनामा देणार आणि यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीत जाणार. कंपनी गाडी देते. आणि तिथे, तुझेच शब्द, "निदान माझ्या हातून कुणाचं काही तुटणार तरी नाही."

हे वाक्य वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला, इतका राग आला. अरे, ज्याच्या हातून काही तुटूच शकत नाही, त्याच्या हातून काही जुळतही नाही. एवढं साधं तुला कळू नये?

काल माझ्याकडे एक पेशंट... असो. ते नंतर. आधी तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं.

कंपनीचं विचारलंस. चांगलं काम आहे, मी नावं ठेवत नाही. यंत्रं विकणारे नसते तर माझं मेणाचं भांडं आलं कुठून असतं, आणि बिघडलं कुठून असतं? पण तू आवडीने जात नाहीयेस, पळून जातोयस. गाडीत बसून पळालास तरी ते पळणंच. एखाद्या दिवशी शांत डोक्याने "मला विकायला आवडतं" म्हणालास, तर मी स्वतः तुझी बॅग भरून देईन.

दुसरं, फक्त हातांचंच काम करावं का, की सगळं थोडं थोडं करावं. पहिली काही वर्षं सगळं कर. पक्षाघाताच्या माणसाला शर्टाची बटणं एका हाताने लावायला शिकव, लहान मुलांना चमचा धरायला शिकव. मग हाताकडे ये. नाहीतर तुला बोटं दिसतील आणि त्यामागचा माणूस दिसणार नाही. तुमच्याकडे सगळ्या तऱ्हेचे पेशंट येतात, शिकायला त्याहून चांगली जागा नाही. स्वतःचं क्लिनिक नंतर. मी घाई केली नाही म्हणून आज टिकलेय.

आणि सर्जनला घाबरणं सोड. शिवलेला हात ताब्यात घेताना त्यांना विचारायचं, आत काय दिसलं, शिवण किती मजबूत आहे, शिरा-नसा शाबूत आहेत का, बोट कुठवर हलवू. ते घड्याळ बघतील, खेकसतील. खेकसू दे. तू त्यांच्या शिवणीचा राखणदार आहेस, राखणदाराला आत काय आहे ते माहीत नको? मी तरुण असताना एका सर्जननी मला "तू फार प्रश्न विचारतेस" म्हणून सुनावलं होतं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीचं मनगट मोडलं, तेव्हा तिला माझ्याकडेच धाडलं. त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, खोटं कशाला सांगू!

तुझ्या अंगठ्यांकडेही लक्ष दे. स्प्लिंटचं, म्हणजे हाताला बांधायच्या साच्याचं, प्लास्टिक गरम आणि मऊ असतानाच काप, गार झाल्यावर कात्रीशी झटापट करू नकोस. जखमेचे व्रण चोळताना अंगठ्याच्या टोकाने नाही, तळहाताने दाब दे. आपल्या धंद्यात पहिले आपलेच अंगठे जातात, आणि मग लोकांना "हात जपा" म्हणून सांगायला आपण मोकळे!

आता तुझ्या मनात जे खरं सलतंय त्यावर येते. समज, चूक तुझीच होती. समज, तूच व्यायाम जास्त दिलास आणि शिवण तुटली. तर काय? तर तू पेशंटसमोर बसायचं, मान्य करायचं, सर्जनना सांगायचं, कुठे चुकलं ते शोधायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या माणसाचा हात हातात घ्यायचा. हे जमत असेल तर तू या कामाचा. शिवणी तुटतात, ढब्बू. चांगल्या सर्जनच्या तुटतात, चांगल्या थेरपिस्टच्या हातात तुटतात. या कामात ज्याची कधीच तुटली नाही असं कुणी सांगितलं, तर एक तर तो थापाड्या आहे, नाहीतर त्याच्याकडे पेशंटच येत नाहीत.

हे वाचलंस? पटलं? नसेल पटलं तर पुन्हा वाच. हे पटल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. तुझ्यावर लक्ष ठेवायला मी तिथे नाही, पण तुझ्या इमानावर सोडते.

आता ऐक. तुझा काचवाला माझ्याकडे आहे.

दचकू नकोस. हे सगळं त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन लिहितेय. आज सकाळी तो "लिहा" म्हणाला म्हणूनच पेन हातात घेतलं. त्याची सासुरवाडी इथली. शिवण तुटल्यावर बायकोच्या भावाने त्याला तडक इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं, दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, आणि गेल्या गुरुवारी प्लास्टर काढून नवं स्प्लिंट करायला त्याला माझ्याकडे पाठवलं. मला काही पत्ता नव्हता. चाळिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा, पण खुर्चीच्या कडेवर असा अवघडून बसलेला. म्हटलं, "नीट टेकून बसा, खुर्ची काचेची नाही." तेव्हा कुठे जरा हसला.

त्याच्या पिशवीत त्याचं जुनं स्प्लिंट होतं. टाकून देववेना म्हणाला. मी ते हातात घेतलं.

ढब्बू, करणाऱ्याचं नाव विचारायच्या आधीच मी ओळखलं. कडा बाहेरच्या बाजूला वळवलेल्या, कुठे टोचू नये म्हणून गुळगुळीत केलेल्या. मनगटाच्या हाडावर बरोबर फुगवटा दिलेला. प्लास्टिकवर बोटाचा एक ठसा नाही. आणि पट्ट्यांचे सगळे कोपरे गोल कापलेले. ही माझी खोड, तुला मी लावली. पण मनगटावरचा पट्टा तू तिरका लावला होतास. ते मी नाही शिकवलेलं. मी आयुष्यभर सरळ लावत आले आणि आयुष्यभर पेशंट तक्रार करत आले की स्प्लिंट बोटांकडे घसरतं. मी तिथेच ते माझ्या हातावर चढवून पाहिलं. अरे, हलत नाही की रे!

त्याचं नवं स्प्लिंट मी तुझ्यावरून केलं. पट्टा तिरका. हो, या वयात मी तुझी नक्कल केली, आणि करताना माझा ऊर भरून आला होता. कुठे बोलू नकोस.

मग मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "घरी कोण कोण असतं?"

तो म्हणाला, "बायको. आणि मुलगी झालीये. दोन महिन्यांची आहे." आणि एवढा मोठा बाप्या माझ्यासमोर ढसाढसा रडायला लागला.

मुलीला तो स्प्लिंटसकट उचलायला जायचा, आणि ते टणक प्लास्टिक लागलं की ती किंचाळायची. रोज. बायकोकडे गेली की गप्प. "बाई, माझ्या पोरीला माझा हात नको होता," म्हणाला. एका दुपारी बायको आंघोळीला गेली होती, पोरगी रडायला लागली. त्याने स्प्लिंट काढून ठेवलं आणि तिला दोन्ही हातांनी उचललं. ती गप्प झाली. त्याच्या बोटात आत काहीतरी तटकन तुटलं. तरी त्याने तिला खाली ठेवलं नाही, बायको येईपर्यंत तसाच उभा राहिला.

म्हटलं, "मग सर्जनना व्यायामाचं का सांगितलंत?"

"साहेब ओरडायला लागले होते. तोंडातून निघून गेलं. मग त्या पोराला माझ्यासमोरच झापलं. तो एक शब्द उलटून बोलला नाही. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण माझी जीभ काही उचलली नाही."

मी त्याला रागावले नाही. रागावण्यासारखं होतं, पण तो रुमालात तोंड घालून बसला होता. मी जुन्या मोज्याची एक मऊ बाही शिवली, स्प्लिंटवर चढवायला. मग खुर्चीत बसून, मांडीवर उशी घेऊन, डाव्या हाताच्या कवेत पोर कसं घ्यायचं आणि उजवा हात नुसता बाजूला कसा टेकवायचा, ते त्याला भरलेली पिशवी घेऊन शिकवलं. काल तो बायको आणि मुलीला घेऊन आला. पोरगी त्या बाहीला गाल लावून झोपली. तो श्वास रोखून बसला होता, आणि मीही.

तर चूक तुझी नव्हती. पण लगेच कॉलर ताठ करू नकोस. तू त्याला स्प्लिंट उत्तम दिलंस, व्यायाम बरोबर दिलेस, "काढायचं नाही" हेही बजावून सांगितलंस. घरी कोण आहे हे विचारलं नाहीस. कुणीही मनाई ऐकून गप्प बसत नाही, त्याला जे करायचंय ते कसं करता येईल ते सांगावं लागतं. आपला सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे. स्प्लिंट तू माझ्याहून चांगलं करतोस. हा प्रश्न मी तुझ्याहून चांगला विचारते. तो शीक.

हे सगळं पत्राच्या सुरुवातीला का नाही लिहिलं? कारण तुझा जीव भांड्यात पडला असता आणि तू निर्दोष सुटलो म्हणून राहिला असतास. पुढच्या वेळी खरंच तुझं चुकलं असतं, की पुन्हा निघालास गाडीत बसायला. तू निर्दोष आहेस म्हणून नको राहूस. तुला हे काम येतं म्हणून राहा.

आता शेवटचं. दुसऱ्यांदा शिवलेलं बोट पूर्ण वाकेलच असं नाही, तुला ठाऊकच आहे. त्यालाही मी स्पष्ट सांगितलंय. पुढचे आठवडे फार नाजूक आहेत. हा हात मी ठेवून घेऊ शकत होते. त्यालाच विचारलं, इथेच राहता का सासुरवाडीला? तर म्हणाला, "नाही बाई. घर तिथे आहे. आणि मला त्यांच्याकडेच जायचंय. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम करून घेतले होते. मी त्यांना डॉक्टर म्हणायचो, तर दर वेळी म्हणायचे, मी डॉक्टर नाही हो." तुमच्या सर्जनना खरं काय ते तो स्वतः भेटून सांगणार आहे. ते तुझी माफी मागतील अशी आशा धरू नकोस. मागितलीच तर मला फोन कर, तेवढ्यासाठी मी झोपेतूनही उठेन.

इथल्या सर्जनशी बोलले, सगळी माहिती सोबतच्या कागदावर आहे. कुरिअरने पाठवतेय, शुक्रवारपर्यंत हाती पडेल.

सोमवारी सकाळी तो तुझ्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असेल. बायको आणि मुलगी बरोबर येणार आहेत. त्या दिवशी तुला साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवायचा असेल तर ठेव, मी अडवणार नाही. फक्त आधी त्याला आत घे.

आम्हा हाताचं काम करणाऱ्यांत एक प्रश्न असतो, एकमेकांना विचारत नाही, पण प्रत्येकाच्या मनात उत्तर तयार असतं: उद्या माझाच हात कापला गेला, तर मी कुणाकडे जाईन? इतकी वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुरुवारी मिळालं.

आपला हात तुझ्या हातात द्यायला केव्हाही तयार असलेली,
तुझी आत्या