दुरडीतली वाकडी भाकरी

सिस्टर,

तुमचे गुडघे कसे आहेत? आता जिने चढायचे नाहीत, तेव्हा बरे असतील. मोठ्या फादरांचा दमा? ड्रिलच्या मास्तरांचा आवाज शेवटी पार बसला होता, तो सुटला का? आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंना आता नीट दिसतं, की तिथंही मिठाच्या जागी सोडाच पडतो? तुम्ही सगळे चर्चमागच्या मातीत शेजारीपाजारी निजलेले, म्हणून एका कागदात सगळ्यांची चौकशी उरकते. माझं विचाराल तर शुगर वाढलीय, तोंड मात्र ठणठणीत आहे. त्याच तोंडानं दिवाळीआधी पालकसभेत भांडण काढलं. तेच सांगायला बसलेय.

शाळेतली दुपारची दुरडी बंद केली, सिस्टर. नवे फादर तरुण आहेत, माणूस वाईट नाही. पण सभेत उभे राहून म्हणाले, यापुढं ज्यानं त्यानं आपापला डबा खायचा, भाकरी एकत्र करायच्या नाहीत. सोनईला दुकान असलेला एक बाप लगेच उठला. "बरोबर हाय. आमी फी भरतो. आमच्या पोरीनं कुनाच्याबी घरचं का म्हून खायचं?" मग स्वच्छता, ॲलर्जी, असे शब्द इकडून तिकडं फिरले. मी नातीची पालक म्हणून मागच्या बाकावर होते. म्हटलं, "शब्द नवे आहेत बाबा, वास जुना आहे. मला ओळखू येतो." सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. वळू देत.

ओळखू येणार नाही तर काय? तो वास आमच्याच घरातला. मी पाचवीत असताना तुम्ही आमच्या वर्गावर आलात, तेव्हा दुपारी दोन पंगती बसायच्या. गावातली पोरं चिंचेखाली, वस्तीवरची ख्रिस्ती पोरं पाण्याच्या टाकीमागं, उन्हात. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही काही दिवस नुसतं बघितलंत आणि एका दुपारी भलीमोठी दुरडी घेऊन आलात. सगळ्यांच्या भाकरी तीत, वर फडकं. फडक्याखाली हात घालायचा, लागेल ती खायची. चटणी-कालवण मधोमध. त्यात एक भाकरी तुमची असायची, तुम्ही थापलेली. केरळाकडून आलेल्या तुम्ही, भातावर वाढलेल्या. ती भाकरी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटकी. न बघताही बोटांना कळायची, आणि आम्ही ती हळूच बाजूला सारून दुसरी धरायचो.

माझे वडील मळ्यातून तसेच आले तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. पायाला चिखल, हातात चाबूक. "सिस्टर, आमची पोर कुनाची भाकर खाती ते आमाला कळाया पायजे." तुम्ही वाद घालत नाही. दुरडी पुढं करता. "हात घाला. कुणाची निघते ते मलाही सांगा." सगळी शाळा बघतेय. मागं सरावं तर भ्यायल्यासारखं दिसणार, म्हणून वडील रागारागात हात घालतात, आणि निघते नेमकी तुमचीच. उलटीपालटी करून बघतात. "ही कोन्या बाईनं थापली? बैल बी तोंड फिरवंल!"

"मी," तुम्ही म्हणालात.

पोरं खदाखदा हसली. वडिलांनी मान खाली घातली, उभ्याउभ्या ती अख्खी भाकरी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायले. जाताना मला म्हणाले, "सुटीच्या दिशी बाईला भाकर शिकव. पोरांचं लई हाल करत्यात त्या."

मग रविवारची तुमची चर्चमधली मिस्सा संपली की मी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात. तुम्ही परातीपुढं घामाघूम, मी शेजारी ओरडतेय, "पाणी ऊन घ्या, सिस्टर, ऊन!" तुम्ही हसायचात, शिकायच्या मात्र नाहीत. एकदा मला दया आली. तुमच्या वाटची गोल, पातळ भाकरी मीच थापून दुरडीत ठेवली, तर केवढ्यांदा झापलंत! "माझी मीच ठेवणार. वाकडी असली तरी माझी आहे." आठवीनंतर लग्न झालं, शाळा सुटली. तुम्ही वाचून झालेल्या मासिकांनी गोणी भरून माझ्या सासरी धाडलीत. सासूबाई म्हणाल्या, "रद्दी आन्ली हुंड्यात." त्याच रद्दीवर मी पुढचं सगळं शिकले, म्हणून आज चार ओळी धड लिहितेय.

तर मी फादरांना विचारलं, "आवारात दुरडी नको ना?" ते म्हणाले, "नको, आजी. नियम आहे." बरं. पण चिंचेची सावली भिंतीवरून बाहेर रस्त्यावर पडते, तिला कुठला नियम? मधल्या सुटीत तिथं पोतं टाकून, भाकरींची दुरडी घेऊन बसते. पहिल्या दिवशी नात एकटीच आली, तीही फणफणत. "आजी, सगळे हसतात गं." म्हटलं, "हसू दे. तोंड उघडलं की घास आपोआप जातो." मग तिच्या मैत्रिणी आल्या. मग बोर्डिंगची पोरं, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत. फादर खिडकीतून बघतात. परवा त्यांनीच शिपायाकरवी पाण्याची कळशी धाडली.

शुक्रवारी तो दुकानदार गाडीवरून आला. "आजी, तुमी ऐकनार न्हाई का?"

"न्हाई."

"पोलिसात जाईन."

"जा की. उपाशी जाऊ नको पण. घाल हात."

माझ्या वडिलांनी घातला होता. यानं नाही घातला. आमच्यात बसलेल्या लेकीचं मनगट धरलं आणि ओढत नेलं. पण तिच्या दुसऱ्या हातात भाकरी होती, सिस्टर. गाडीवर मागं बसून, बापाच्या पाठीआड, ती खातच गेली.

उद्या सोमवार. मी बसणार. गाडीवाला येवो, पोलीस येवो.

एवढं मात्र कबूल करते. आज तुमच्यासारखी एक भाकरी थापायला गेले. एक कड जाड ठेवली, दुसरी फाडू बघितली, पण हात ऐकेना. तव्यावर गेली ती गोलच. पुन्हा थापली, पुन्हा गोल. पोरं फडक्याखाली हात घालतात, आणि चुकवावं असं काहीच त्यांच्या बोटांना लागत नाही. दुरडी त्यावाचून पुरी वाटत नाही मला.

हा कागद टपालात पडायचा नाही, दुरडीच्या तळाशी अंथरतेय. तरी ती कड तुम्ही नेमकी कशी बिघडवायचात, तेवढं लवकर लिहून कळवा. सकाळी तवा तापायच्या आत.