उतार बरोबर असलेलं अपुरं गाव

बाबा, मी एक गाव वसवलंय. नदीच्या वळणावर आहे, एकशे बारा माणसांचं, आणि अजून पुरतं झालेलं नाही. खरं गाव नाही, कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून हे तुम्हाला सुरुवातीपासून सांगावं लागेल. पण मला माहीत आहे, तुम्ही आधी हेच विचाराल की पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. तेही सांगते.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सौंसरच्या या घरात मी दिवसभर पलंगावर पडून असायची, आणि तुमची नात नागपूरहून आपलं ऑफिसचं काम घेऊन माझ्याजवळ राहायला आली होती. चौथ्या का पाचव्या दिवशी तिनं तिचा जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर उशी ठेवून त्यावर मांडला. म्हणाली, "आई, तू दिवसभर पंखाच पाहून राहिली. हे घे, गाव बसव." मी म्हटलं, "मी काय लहान आहे आता?" तर म्हणते, "लहान पोरांना नाही जमत हा. आणि आधीच सांगून ठेवते, हा अर्धाच बनलाय. पुढचं बनून राहिलंय." मला वाटलं अर्धा खेळ कोण विकतं. पण विकतात म्हणे, आणि लोक घेतातही. कुठल्याशा थंड देशातली एक बाई दिवसा नोकरी करते आणि उरलेल्या वेळात एकटी हा खेळ बनवते. खेळ शिकवणारी पानंसुद्धा तीनच आहेत. चौथ्या पानावर एवढंच लिहिलंय की इथं पुढे लिहायचं आहे.

सुरुवातीला मोकळी जमीन मिळते, एक नदी, थोडं रान, आणि चार कुटुंबं. घरं तुम्ही ठेवायची, विहीर तुम्ही ठेवायची. रस्ता मात्र लगेच आखता येत नाही. माणसं घरातून विहिरीकडे जातात, रानातून लाकूड आणतात, आणि जिथून जास्त पावलं पडतात तिथलं गवत हळूहळू विरळ होतं, मग माती दिसते, मग पायवाट होते. पायवाट झाली की तिचा रस्ता करता येतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी मुलीला हाक मारली आणि बोटानं ती पायवाट दाखवली. मला आपली पांढुर्ण्याची खोली दिसत होती, तुम्ही जमिनीवर ऑफिसचा रस्त्यांचा नकाशा पसरून बसलेले, चारी कोपऱ्यांवर वाटी, अडकित्ता, पट्टी आणि माझी दौत. मी तिसरीत असेन. मीही एका कागदावर गाव काढलं होतं, सगळे रस्ते पट्टीनं मारलेले, आणि मोठ्या हौशीनं तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणालात, "हे कुठून कुठी जाते?" मी म्हटलं, इकडून तिकडे. "कोण जाते त्याच्यावरून?" मी पुन्हा कागद पाहू लागले. "लोकं कुठून चालतात ते आधी पाह्य. मग पट्टी घे." मी रडत आईकडे गेले, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, लेकरू आहे ते, ओव्हरसियर नाही." तुम्ही हसलात, पण बोलणं मागे घेतलं नाही.

आणि पाणी. बाबा, या खेळातला उतार खरा आहे. नाली खणली आणि ती मधे जराशी जरी वर चढली, तर पाणी तिथंच थांबतं, हिरवं होतं, शेजारच्या घरातली माणसं आजारी पडतात. बोट ठेवावं तिथं जमिनीची उंची लिहून येते. माझी पहिली नाली चुकली, दुसरी चुकली. तिसऱ्या वेळी मला आपल्या स्वयंपाकघरातली मोरी आठवली. गवंड्यानं फरशी बसवली होती आणि पाणी चुलीकडे येत होतं. आई रोज खराट्यानं लोटायची. एका रविवारी तुम्ही पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं टोक धरून मोरीपाशी उकिडवे बसलात. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन थांबेपर्यंत हलायचं नाही असं मला बजावलं. मग भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्यात आणि आईला दाखवलंत, "पाह्य, बोटभर फरक आहे. पाणी खोटं नाही बोलत." तुम्ही स्वतः फरशी उखडून पुन्हा बसवलीत, आणि आईनं पहिला तांब्या ओतला तेव्हा आपण तिघंही मोरीकडे वाकून पाहत होतो. खेळात माझी नाली नदीपर्यंत वाहिली तेव्हा मी प्लास्टरचा पाय विसरून उठायला गेले आणि मुलीची बोलणी खाल्ली.

तुम्ही म्हणाल, नुसतं कौतुक करून राहिली, कमी काय आहे ते सांग. पुष्कळ आहे. नदीवर पूल बांधता येतो, चांगला दगडी पूल, पण गाड्या अर्ध्यावर जातात आणि परत फिरतात. का, ते कुणालाच माहीत नाही. माझ्या गावच्या पलीकडच्या काठावर आठ घरं आहेत, आणि मी मनातल्या मनात त्याला सावरगाव म्हणते; पांढुर्ण्याहून जाम नदीवरून आपण हवं तेव्हा पलीकडच्या सावरगावला जायचो, इथं मात्र तिकडचं धान्य तिकडेच सडतं. बाजार मांडता येतो, दुकानांवर रंगीत कापडं फडफडतात, पण कुणी घासाघीस करत नाही, कुणी संत्रं हातात घेऊन दाबून पाहत नाही. हिवाळ्यात छपरांवर बर्फ पडतो पण एकाही घरातून धूर निघत नाही. शाळा आहे, बाबा, आणि तिच्यात पोरं नाहीत. घंटा वाजते, दार उघडतं, दार बंद होतं. एकतीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे किती लागत असेल ते समजा. पण खोटं कशाला सांगू, या सगळ्याचा राग आला तरी मी दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली की लॅपटॉप मागायची. जे झालंय ते इतकं मन लावून केलंय की जे नाही झालं त्याची वाट पाहावीशी वाटते.

एक गोष्ट मात्र सहन झाली नाही. मला विहिरीकडचा रस्ता रुंद करायचा होता आणि मधे एक घर येत होतं. त्याच्यावर बोट ठेवलं, पाडा म्हटलं, घर गेलं. आणि घरातली माणसंही गेली. नवरा, बायको, म्हातारी, तिघंही. दुसऱ्या घरात नाही, रस्त्यावर नाही, कुठंच नाही. लोकसंख्या तीननं कमी झाली आणि खेळ पुढे सुरू. मी सगळं गाव घर घर करून शोधलं. मुलगी म्हणाली, "आई, ते फक्त आकडे आहेत." मी लॅपटॉप मिटून ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उघडला नाही.

मी अकरावीत होते तेव्हा आपल्या मोहल्ल्यातला रस्ता रुंद व्हायचा होता. तुम्ही नगरपालिकेचे ओव्हरसियर, मोजणी तुमच्याकडे आली. तुम्ही साखळी घेऊन गल्लीतून फिरलात आणि ज्यांच्या ज्यांच्या भिंती जाणार होत्या त्यांच्यावर गेरूनं रेघ मारलीत. शिवणकाम करणाऱ्या मावशींची पुढची खोली जात होती, आणि त्यांचं घर म्हणजे ती एकच खोली आणि मागचा सोपा. त्या एकट्या होत्या. माझे सगळे फ्रॉक त्यांनीच शिवलेले. मोहल्ल्यात आपल्याशी बोलणं कमी झालं. शाळेत माझ्या बाकावरची मैत्रीण, जिच्या घराचा ओटा जाणार होता, मला म्हणाली, "तुह्या बापाले जरा तरी वाटते का?" ते वाक्य मी घरी घेऊन आले. तुम्ही जेवत होतात, आई भाकरी टाकत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तुम्हाले काहीच वाटत नाही का? लोकांची घरं पाडता आणि वरून जेवता." आईनं तवा खाली उतरवला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हातातला घास ताटात ठेवलात, आणि म्हणालात, "वाटते." एवढंच. मग ताटातलं वरण तसंच सोडून हात धुतलेत. त्यावर आपण दोघं कधी बोललो नाही, माझ्या लग्नात नाही, तुमच्या आजारपणात नाही.

तुमच्या तेराव्याला त्या मावशी आल्या होत्या. पार वाकल्या होत्या, लोधीखेड्याहून भाचीच्या सोबतीनं बसनं आलेल्या. माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "तुह्या बापानं माह्यासाठी अकरा खोल्या पाह्यल्या, बाई. ऑफिस सुटलं का यायचे, चला म्हणायचे. मले पसंत पडे तं त्यायले नाही पडे. म्हणत, इथं खिडकी उत्तरेले आहे, मशिनीवर उजेड नाई येत, तुमचे डोळे जातीन." अकरावी खोली त्यांनी पसंत केली, आणि मशीन तुम्ही स्वतः हातगाडीवर लादून नेलंत. मावशी म्हणाल्या की त्यानंतर वीस वर्षं त्यांनी त्याच खिडकीत काम केलं. मी त्यांचे हात धरून रडले. सगळ्यांना वाटलं बाप गेला म्हणून रडून राहिली.

तर मी त्या खेळवाल्या बाईला लिहायचं ठरवलं. मराठीत सांगितलं, मुलीनं इंग्रजीत लिहिलं. लिहिलं की तुमचा खेळ फार चांगला आहे, पायवाटा खऱ्या आहेत, पाणी खरं आहे, माझे वडील असते तर त्यांनी तुमच्या नालीचा उतार तपासून तुम्हाला शाबासकी दिली असती. पण घर पाडल्यावर माणसं कुठं जातात? मुलगी म्हणाली, "आई, तिला असे हजार पत्र येत असतील." आठ दिवसांनी उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं की हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. माणसं पुसली जातात, कारण त्यांचं काय करायचं ते मला सुचलं नाही, आणि सोपं होतं ते मी केलं. पुलाचं काम आधी करायचं आहे, वेळ मिळाला तर बघते. मला ते उत्तर आवडलं. सोपं होतं ते केलं, असं कबूल करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

प्लास्टर निघालं, शाळा सुरू झाली, दिवाळी आली. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिनं खेळाची नवी आवृत्ती उतरवून घेतली. पूल अजून तसाच. शाळा रिकामीच. पण मी भीत भीत एक घर पाडलं, आणि माणसं गेली नाहीत. दोघं होती. आपलं बोचकं घेऊन घराच्या जागेशेजारी उभी राहिली. मी दुसरीकडे घर बांधून दिलं तेव्हा ती चालत निघाली, माझ्याच पायवाटेवरून. नव्या घरासमोर थांबली, आणि आत गेली नाही. मी दुसरं दिलं. तिथंही थांबली. मुलगी म्हणाली, "हा बिघाड आहे, आई. कळवू का?" मी म्हटलं, थांब. विहिरीपासून जवळ, रानापासून जवळ, जुन्या शेजाऱ्यांना लागून, अशी घरं बांधत गेले. पाचव्या घरात ती दोघं गेली. बिघाड होता की त्या खेळवाल्या बाईनं तसंच बनवलंय, मला माहीत नाही. मी तिला विचारलंही नाही. तुम्ही विचारलं असतं.

आता मुलगी समोर बसलीय. तिनं मला इतकी पानं लिहिताना पाहिलं आणि विचारलं, "हे पण तिलाच का? दे, इंग्रजीत करून देते." मी म्हटलं, नाही, हे पाठवायचं नाही. मुलीला मी आजवर हेच सांगत आले की तुमच्या अकरा खोल्यांचं मला तेराव्यालाच कळलं. वरही तसंच लिहून बसले. ते खरं नाही, बाबा. अकरावीत, तुम्हाला ते वाक्य बोलायच्या आधी दोन दिवस, मी शिकवणीवरून परत येत होते आणि कापसाच्या गोदामामागच्या गल्लीत तुम्ही मावशींसोबत एका बंद खोलीच्या खिडकीला मोजायची फीत लावून उभे होतात. मी सायकल वळवली आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले. तुम्ही त्यांच्यासाठी खोली पाहताय, हे मला कळलं होतं. मैत्रीण माझ्याशी पुन्हा बोलावी म्हणून मी तुम्हाला तसं बोलले.