मलकापूरला जायची फटफटी

८ नोव्हेंबर १९४३, सोमवार
सासूबाईंचं तेरावं परवा मलकापुरात झालं. मला जाता आलं नाही. कारण पेट्रोल. लढाईमुळे ते कूपनावर मिळतं आणि माझं कूपन संपलेलं. प्रवाशांची सर्व्हिस मोटार रोज जाते, पण ती कोळशाच्या गॅसवर चालते. दुःखाच्या घरी काळं तोंड घेऊन जाणं बरं दिसत नाही.
सौ. दसऱ्यापासून तिकडेच आहे. आईच्या दुखण्यात गेली होती. पेट्रोल आलं की फटफटीवर जायचं, दोन दिवस राहायचं, सगळ्यांशी नीट बोलायचं, तिला घेऊन यायचं. प्लॅन पक्का.
तोपर्यंत फटफटी मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. कोरडी जागा आहे.

१७ नोव्हेंबर
सीटच्या कोपऱ्याला भोक. कडूबा म्हणतो उंदीर. कडूबा आमचा गडी, वडिलांच्या वेळचा. मी म्हणालो, चामडं जुनं झालं. करडीचं तेल चोळलं. तेलाने चामडं मऊ राहतं.

१९ नोव्हेंबर
सीट अर्धी. उंदीरच.
कडूबा म्हणाला, "साहेब, तुम्ही तं फोडणीच देल्ली."  ज्वारी हलवा म्हणतो. ज्वारी हलवून काय होणार? उंदरांना आता चामड्याची चटक लागली आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार
शेजारच्या रुखमाबाईंची मांजर आणून खोलीत कोंडली. रुखमाबाई मला दोन्ही वेळा भाकरी पाठवतात, म्हणून मांजरीचाही मान ठेवला. दूध दिलं. कोकिळा, म्हणजे आमची सौ., कवा येते, असं रुखमाबाईंनी विचारलं. पेट्रोलवर अवलंबून आहे, असं सांगितलं. "काऊन? पेट्रोल पिते काय ते?" असं म्हणाल्या. बायकांना रेशनिंग समजत नाही.
झोप ठीक. जेवण ठीक. विशेष काही वाटत नाही.

५ डिसेंबर
मांजर पोत्यावर झोपते. उंदीर फटफटीवर. दोघांत भांडण नाही. मॅग्नेटोची वायर गेली, म्हणजे इंजिनाला ठिणगी नाही. मांजर परत केली.

१२ डिसेंबर
मुंग्या चढू नयेत म्हणून फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. तेच तत्त्व. सौ.च्या दोन पितळी पराती काढल्या, दोन चाकं दोन परातींत, काठोकाठ पाणी. उंदीर पोहत नाहीत.

१४ डिसेंबर
पोहतात.

२० डिसेंबर
कूपन आलं. दोन गॅलन. पण सीट नाही, वायर नाही. अशा अवस्थेत सासुरवाडीला जाणं शक्य नाही. कडूबा म्हणाला, सर्व्हिसनं जा ना मंग. मी म्हणालो, कूपन वाया जाईल. ड्रॉवरमध्ये ठेवलं.
वायरीसाठी अकोल्याला लिहायचं. उद्या.

१५ जानेवारी १९४४
काल संक्रांत झाली. आज मेहुण्याचं, इंद्रभानचं पत्र. लिहितो: "दाजी, ताई काहीच म्हणत नाही म्हणून मी लिहून राह्यलो. तार केली त्या दिवशी तुमची वाट पाहता पाहता आईले उचलाले सांज झाली."
पत्राची घडी घातली. तार आली त्या दिवशी कोर्टात तारीख होती, हे त्याला माहीत आहे. ती अकरा वाजताच पुढे ढकलली गेली, हे त्याला लिहिण्यात अर्थ नाही. मग मी घरी येऊन फटफटी पुसली. टाकीत पेट्रोल होतं का, आठवत नाही.
थोडं असावं.
उत्तर उद्या लिहीन.

२२ जानेवारी
उत्तर राहिलं. वायरीचंही राहिलं.
फटफटी आढ्याला टांगायचं ठरवलं. विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर, नाडा, आणला, चार माणसं लावली. जमिनीपासून तीन हात वर. आता उंदराच्या बापालाही पोचता येणार नाही, असं कडूबाला बजावलं. तो मान वर करून फटफटीखालून एक फेरी मारून आला. शेवटी म्हणाला, "पाळण्यावानी दिसते."

२३ जानेवारी
नाड्यावरून उतरतात. हेडलाइटमध्ये पाच पिल्लं. गुलाबी.

४ फेब्रुवारी
सबुरीचे दिवस संपले. बाजारातून उंदराचं औषध आणलं. कणकेत मळून गोळ्या केल्या आणि मागच्या खोलीत, मोरीत, भिंतीच्या कडेने ठेवल्या. कडूबाला सांगितलं नाही. तो दयाळू आहे.

७ फेब्रुवारी
यश. गल्लीत सतरा उंदीर मेलेले. त्यांतले दोन रुखमाबाईंच्या चुलीपाशी. योग्य माप लक्षात ठेवायला हवं.

८ फेब्रुवारी
रुखमाबाई सकाळी अंगणात येऊन ओरडल्या, "पलेग! पलेग आला वं!" दुपारपर्यंत म्युनिसिपालटीचे लोक आले. घरं खाली करा, दहा दिवस गावाबाहेर माळावर राहा, असा हुकूम. मी बोलणारच होतो. पण वकिलाने न सांगता विष पसरलं, असं भर गल्लीत कबूल करणं बरोबर नाही. शिवाय सावधगिरी केव्हाही चांगली.
फटफटी माणसं लावून खाली उतरवली आणि ढकलत माळावर आणली. मोकळी हवा मानवेल तिला.

११ फेब्रुवारी
माळ. तुराट्यांच्या झोपड्या. कोर्टात कोणी जवळ येत नाही, त्यामुळे विश्रांती आहे.
पहाटे गारवा फार. रुखमाबाईंचा तान्हा नातू खोकतो. रुखमाबाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरी बी मेले व्हते ना उंदरं, वकीलसाहेब?" हो म्हणालो. ब्लँकेट फटफटीवर होतं, ते काढून बाळाला दिलं. उद्या म्युनिसिपालटीच्या इन्स्पेक्टरला सांगून टाकतो.

१२ फेब्रुवारी
सांगायला गेलो. इन्स्पेक्टर जेवत होते. परत आलो.

१४ फेब्रुवारी, सोमवार
सौ. आली. दुपारी, एकटी, माळावर विचारत विचारत. वकिलाच्या घरी प्लेग झाला, असं मलकापुरात कोणीतरी सांगितलं म्हणे. इंद्रभान घरी नव्हता, त्याची वाट न पाहता निघाली. घाटात सगळ्यांना उतरून मोटार ढकलावी लागली. हात कोपरापर्यंत काळे होते. त्या हातांनी तिने माझ्या काखा चाचपल्या, गळा चाचपला, कपाळ पाहिलं. "ताप नाई," म्हणाली. आणि खाली बसली. थोडा वेळ बसूनच होती.
मग फटफटी दिसली तिला.
कडूबाने तिला सगळं सांगितलं. गोळ्यांचंही. "कणिक कमी झाली तं मले समजत नाई काय," असं म्हणाला. आजवर गप्प का होता विचारलं, तर म्हणतो, तुम्ही सांगसान म्हून.
ती तशीच उठून इन्स्पेक्टरकडे गेली.

१५ फेब्रुवारी
इन्स्पेक्टर घरी येऊन उरलेल्या गोळ्या घेऊन गेले. मला चार शब्द बोलले. बरोबर होते. संध्याकाळपर्यंत गल्ली घरी परतली. कोणी माझ्याशी बोललं नाही. रुखमाबाईंनी ब्लँकेट धुऊन, घडी करून पाठवलं. भाकरी नाही.
सौ.ने स्वयंपाक केला. पराती राखेने घासल्या. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं: आधी कूपन, मग सीट, मग वायर.  मी संपवल्यावर म्हणाली, "शेवटच्या दिवशी आई घडीघडी म्हणे, फटफटीचा आवाज येते काय पाहा. जावई निंघाले असतीन."
मी म्हणालो, वायर तेव्हा शाबूत होती.
का म्हणालो, माहीत नाही.
"मंग काऊन नाई आले?" तिने विचारलं. रागाने नाही. मी उत्तर शोधलं.  ती तोवर परात पुसत होती. कोरडी झाली तरी पुसत होती. मग आत गेली.
रडणाऱ्या माणसांच्या घरात शिरल्यावर काय बोलतात, कुठे बसतात, हे मला येत नाही, असं सांगता आलं असतं. आत्ता लिहिताना सुचलं. ती शेजारच्या खोलीत आहे. उद्या सांगेन.

१६ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी ती निघाली. भावाकडे. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बोचकं मी उचललं. मोटार उभी राहते तिथपर्यंत दोघं चालत गेलो. रस्त्यात सांगायचं ठरवलं होतं, पण ओळखीचे लोक भेटत होते.
कोळसा पेटायला अर्धा तास लागतो. क्लीनर मागे उभा राहून भट्टीचा पंखा फिरवत होता. ती खिडकीशी बसली. बोचकं तिने शेजारच्या जागेवर ठेवलं. एक पागोटेवाले बसायला आले, त्यांना म्हणाली, "इथं माणूस येणार हाये."
मी खाली उभा होतो. फटफटी अजून माळावरच आहे. कडूबाला एकट्याला ती ढकलवणार नाही. अंगावर घरचं धोतर. उद्या तारीख. सगळी कारणं खरी होती. एकेक करून तपासली, पंखा फिरत होता तोवर दोनदा तपासली.
इंजिन लागलं. ड्रायव्हर म्हणाला, "येता काय, साहेब?" मी म्हणालो, पुढच्या खेपेला.
एवढ्यात एक म्हातारी हातात दोन कोंबड्या उलट्या धरून पळत आली आणि मोटारीत चढली. जागा शोधू लागली. सौ.ने बोचकं उचलून मांडीवर घेतलं.
म्हातारी बसली. मोटार सुटली. दहा वाजून वीस मिनिटं.