हीट पंपाची पेटी

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आमचा हीट पंप बंद पडून आठ दिवस झाले. रेडिएटर दगडासारखे गार. मी, आमचे मास्तर आणि आई असे तिघं स्वयंपाकघरात एका छोट्या विजेच्या शेगडीभोवती बसून असतो. आईला खोकला सुरू झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात छातीला गारठा नको. गारठा काय मी हौसेने आणलाय?

कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. काय ते बूट, त्यांत तोंड बघून घ्यावं! भिंतीवरच्या पडद्यावर लुकलुकणारे अंक वाचले, मोबाईलमध्ये नाक खुपसलं आणि कॉम्प्रेसर गेला असं जाहीर केलं. आता सगळं मशीनच नवं बसवायचं म्हणे, आणि ते यायला सहा आठवडे. बाहेरचं युनिट तरी बघा म्हटलं, तर म्हणाला, बाहेर फार थंडी आहे. थंडी आहे म्हणूनच तर त्याला बोलावला होता!

तू चाळीस वर्षं कोल्ड स्टोरेजची मशीनं दुरुस्त केलीस. तुझं मास्तरांशी वाकडं आहे हे ठाऊक आहे, पण आईशी तर नाही ना? लोभ आहेच, या खेपेला सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
छबी

८ जानेवारी

चि. छबीस,
अ. उ. आ.

तुझ्या इंजिनिअरला माझा कोपरापासून नमस्कार सांग. नाडी न बघता मृत्यूचा दाखला देणारा वैद्य आजच ऐकला.

हीट पंप म्हणजे उलटा केलेला फ्रीज. फ्रीज आतली ऊब बाहेर टाकतो, हा बाहेरची ऊब आत ओढतो. गार हवेतही थोडी ऊब असतेच, तुझ्या नवऱ्याच्या स्वभावात असते तेवढी. आता नीट बघून कळव. बाहेरचा पंखा फिरतो का? मागच्या जाळीवर बर्फ धरलाय का, आणि तो वरून की खालून? सुरीने खरवडू नकोस. नळी फुटली तर त्या बूटवाल्याचं भाकीत खरं ठरेल. मेन स्विच बंद करून कोमट पाणी ओत आणि निथळल्यावरच चालू कर.

मास्तरांना लांब ठेव. नऊ वर्षांपूर्वी भर पाहुण्यांत त्यांनी मला फ्रीजवाला म्हटलं होतं. आता त्या फ्रीजवाल्याशीच गाठ आहे, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

आईला दोन स्वेटर घाल. तुम्हा दोघींवरची माया काही गोठलेली नाही.

तुझा,
दादा

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मोठ्याने वाचलं. मास्तर उठून गेले.

बर्फ आहे, खालून वर चढत गेलेला, आणि पंखा त्यात रुतलेला. कोमट पाण्याच्या सात बादल्या ओतल्या, दार उघडंच ठेवलं, आणि मशीन सुरू झालं! चार तास चाललं. आई रेडिएटरला पाठ लावून बसली आणि म्हणाली, पोराने लांबून का होईना, केलं. मग दार लावून घेतलं, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा बर्फ, पुन्हा तेच अंक.

आईचा खोकला वाढलाय. तू का येत नाहीस, असं काल तिने विचारलं. मी म्हटलं, कामात असतो. निवृत्त माणसाला कसलं आलंय काम, असं तिने विचारलं नाही ही तिची सभ्यता. माझ्याकडे तेवढी नाही. रागावलास तरी पत्र पाठवच.

तुझी,
छबी

१५ जानेवारी

चि. छबीस,
अ. उ. आ.

दार? कसलं दार? चाळीस वर्षांत मी एकाही युनिटला दार पाहिलं नाही. मास्तरांनी त्याला पेटी केलीय ना? उत्तर देऊ नकोस, मला ती इथून दिसतेय, पॉलिश आणि पितळी बिजागऱ्यांसकट.

अगं, त्या युनिटला मोकळी हवा लागते. ते ऊब काढून घेतं आणि गार झालेली हवा बाहेर फेकतं. पेटीत कोंडलं की स्वतःचीच गार हवा पुन्हा पुन्हा ओढतं आणि गोठतं. माणसाला गोणीत घालून वर श्वास घे म्हणण्यातला प्रकार. चित्रकलेच्या मास्तरांना यंत्र म्हणजे फुलदाणी वाटली! पेटी आजच्या आज काढा. खाली पाणी जायचं भोक असतं, तेही बघा. तुंबलं असेल तर बर्फ तिथूनच चढतो.

आईला सांग, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, अक्कल तेवढी जळाली होती. तिला नमस्कार, तुला शाबासकी, तिसऱ्याला काही नाही.

तुझा,
दादा

१९ जानेवारी

श्री. दादा यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र छबीने मोठ्याने वाचलं. तिला आता त्याची चटकच लागली आहे.

होय, पेटी मी केली, बिजागऱ्याही पितळीच. पण शोभेसाठी नाही केली. युनिट आईंच्या खिडकीखाली आहे. ते चालू झालं की भिंत घुमायची आणि त्यांना झोप लागत नसे. त्या तक्रार करत नाहीत, पण सकाळी डोळे लाल दिसायचे. म्हणून पेटी केली आणि आतून घोंगडी ठोकली. अडाणीपणा झाला, कबूल. मात्र तो इथे राहून झाला. शहाणपण काय, लांबून पोस्टाने धाडता येतं.

परवा मी ती हातोड्याने फोडली. खालच्या भोकात माझ्याच रंध्याच्या ढलप्या अडकल्या होत्या, त्या विणायच्या सुईने काढल्या. तेव्हापासून मशीन नीट चालू आहे. आईंचा खोकला उतरतोय. पण भिंत पुन्हा घुमते आणि त्या पुन्हा जागतात. यावर तुमच्या शास्त्रात काही असेल तर कळवावं.

तुम्हाला फ्रीजवाला म्हटलं ते उगाच म्हटलं. हे छबीला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. लोभ मागण्याइतकी ओळख आपली उरली आहे का, कोण जाणे.

आपला,
मास्तर

२३ जानेवारी

श्री. मास्तर यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र चुका काढायलाच घेतलं होतं. एकच सापडली. घोंगडीने घुमणं थांबत नाही. त्या कंपनीच्या दिवट्यांनी युनिट भिंतीलाच ठोकलं असणार, म्हणून थरथर आत जाते. ते खाली उतरवून रबरी पायांच्या स्टँडवर ठेवायचं. पाय माझ्याकडे आहेत, पण पाठवणार नाही. तुम्ही उलटे बसवाल. गुरुवारच्या गाडीने मीच येतो. नळ्यांना हात लावू नका.

पहिली दोन वर्षं तुमच्या त्या शब्दाचा राग होता. पुढची सात वर्षं तो नुसता सोयीचा होता. मला फोनवरच काय, समोर बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. यंत्रांच्या खोल्यांत चाळीस वर्षं काढली, त्याचं फळ. छबीला वाटतं फक्त फोनपुरतं आहे. आईचा आवाज तर पहिल्यापासूनच बारीक. तिने बोलत राहावं आणि मी बावळटासारखी मान हलवावी, हे तिला दिसायला नको होतं. म्हणून रुसून बसलो. तुम्हाला अडाणी म्हणायला मी मोकळाच होतो.

तुमचं अक्षर सुरेख आहे. आई बोलेल ते जाड अक्षरात लिहून मला दाखवाल का? शुद्धलेखन तपासणार नाही. लोभ तुम्ही मागायचा नाही, तो मीच मागतो आहे.

लिहिलेलं तिच्यासमोर मात्र धरू नका. तिच्या पाठीमागे उभे राहा.

आपला,
दादा