वेशीत किती माणसं होती

२२ ऑगस्ट २०२५, पोळा. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे. आत दत्तादादाच्या डोक्याला टाके घालत आहेत.

यंदा वेशीतून पहिली बैलजोडी आमच्या भावकीची जायची होती. वरच्या आळीनं वाट अडवली. आमची चाळीस माणसं काठ्या घेऊन तयार होती. अण्णाकाकांनी मला पुढं बघायला पाठवलं. मी परत येऊन सांगितलं, "साठ हायेत, कुऱ्हाडी घेऊन."

काकांनी बैल वळवले. "मान गेला तर जाऊ द्या. मला मढी न्हाय उचलायची."

"मग आमाला बांगड्या भरा, काका!" दादा ओरडला.

आम्ही ओढ्याच्या वाटेनं घरी आलो. माघार बघून वरच्या आळीचे मागोमाग आमच्या गोठ्यात घुसले. दादाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, बसला. सर्जा बैलाच्या मागच्या पायाची शीर तोडली. तो रंगवलेली शिंगं जमिनीवर आपटत राहिला.

मघाशी काकांनी परत विचारलं, "साठ व्हते ना रं?"

"व्हय."

"मग बरोबर केलं म्या."

साठ? मी पंचविसापर्यंत मोजलं होतं. तेवढ्यात एक कुऱ्हाड चमकली आणि मी पळालो.