बंडू क्वार्टरचा होता

२७ ऑक्टोबर, सकाळी ७
दिवाळी झाली. ऐश्वर्या आली नाही. पुण्यात सुट्टी मिळाली नाही म्हणे. तिच्या आईचं, कमलिनीचं म्हणणं, सुट्टी होती, पोरीले याचंच नव्हतं. एकुलती एक मुलगी बापावर रुसून बसली आहे, आणि कारण काय, तर कुत्रा.

मुद्दा एकदाचा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. बंडू आमचा नव्हता. बंडू क्वार्टरचा होता. नऊ वर्षांपूर्वी सेक्टरमधलं, म्हणजे प्लँटच्या कॉलनीतलं क्वार्टर अलॉट झालं तेव्हा आधीच्या लोकांनी पिल्लू मागे ठेवलं होतं. मी मे महिन्यात रिटायर झालो, जूनमध्ये इकडे जामुल रोडच्या फ्लॅटमध्ये आलो. येताना नवे अलॉटी श्यामराव यांना पंखे चार, किल्ल्या दोन आणि बंडू, असं रीतसर सोपवलं. छत्तीस वर्षं प्लँटच्या स्टोअरमध्ये काढली आहेत. हँडओव्हर कसा करतात ते मला शिकवू नये.

तरी ऐश्वर्या तेव्हापासून फोनवर फक्त हो आणि नाही.

संकल्प: शेल्टरमधून एक म्हातारा कुत्रा दत्तक घेणे. म्हाताऱ्यांना कोणी नेत नाही, म्हणजे पुण्यही जास्त. फोटो ऐश्वर्याला पाठवणे. विषय समाप्त.

१ नोव्हेंबर
कुम्हारीकडच्या शेल्टरला जाऊन आलो. मोना नावाची मुलगी तिथलं सगळं बघते. फॉर्म चार पानी. नोकरीला लागलो तेव्हा एवढं विचारलं नव्हतं. प्रश्न नववा: आधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं? मी लिहिलं, होता. ट्रान्सफर. मोनानं विचारलं, कहाँ ट्रान्सफर हुआ? म्हटलं, तो तिथेच आहे, ट्रान्सफर आमची झाली. तिनं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

भोला पसंत केला. वय अकरा, एक डोळा पांढरा. पंधरा दिवस ट्रायल, मग पक्का. त्याच्या मालकांनी घर बदललं, सामान टेम्पोत भरलं, याला फाटकाला बांधलं और चल दिए, असं मोनानं सांगितलं.

ऐकून डोकंच फिरलं. फाटकाला बांधून! असल्यांना माणूस म्हणायचं का? आम्ही निदान बांधलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य खोडायचं आहे.

२ नोव्हेंबर, पहाटे ५.१५
टाइमटेबल फ्रिजवर लावलं. ५.३० वॉक, चार किलोमीटर. ७ नाश्ता. संध्याकाळी ६ ट्रेनिंग. पंधरा दिवसांत शेकहँड आलाच पाहिजे.

त्याच दिवशी, ७.४०
फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. भोला जिना उतरत नाही. उचलून नेला, सव्वीस किलो. खाली चाळीस पावलं चालला आणि बसला. उचलून वर आणला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसला आहे.

४ नोव्हेंबर
कंबर धरली. सुधारित टाइमटेबल: वॉक सकाळी ८. अंतर, फाटकापर्यंत.

ऐश्वर्याला फोटो पाठवला. पाठमोराच आला, काय करणार. सोबत लिहिलं, नवा मेंबर, वय ११, कोणी नेत नव्हतं. तिचं उत्तर: हम्म.

९ नोव्हेंबर
तळमजल्यावरचे भाडेकरू शिफ्ट झाले. भोलाला खाली घेऊन गेलो तर फाटकात टेम्पो, त्यावर गाद्या, कपाट, कूलर. भोला थरथर कापायला लागला. मग येऊन माझ्या पायावरच बसला, सगळा भार टाकून. टेम्पो जाईपर्यंत उठला नाही. मीही पाय काढला नाही.

जूनमध्ये आमचा टेम्पो निघाला तेव्हा आरशात मागचं दिसत होतं. मी ड्रायव्हरशी रसमड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होतो.

आज दुपारी झोप लागली नाही. पित्त असावं.

१० नोव्हेंबर
कमलिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, कुत्राच आणाचा होता तं बंडूलेच कावून नाही आणलं? कुम्हारीपर्यंत गेले, सेक्टर तं नऊ किलोमीटरवर हाय.

उत्तरं तयार होती. एक, तो तिथे रुळला असणार. दोन, श्यामरावांना त्याचा लळा लागला असणार. तीन, लिफ्ट. कमलिनीनं सगळी ऐकली आणि म्हणाली, तुमाले त्याच्यापुढं उभं राहाची लाज वाटून राहिली, दुसरं काई नाही.

बायकांना लॉजिक नसतं. उरलेली पोळी भोलाला दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार
सेक्टरला जाऊन आलो. सहज, बँकेचं काम होतं. (आज रविवार आहे. असो.) बंडूनं ओळखलं नाही. वय झालं, नाक गेलं असेल. बरंच झालं.

श्यामराव आणि त्यांच्या मिसेस, सिंधुताई, यांनी आग्रहानं बसवलं. सिंधुताई म्हणाल्या, पंधरा दिवस जेवला नाही जी तो, फाटकापाशीच बसून राहे, मग मीच ताट घेऊन त्याच्याजवळ बसत जाई. चहात साखर फार होती, अर्धाच प्यालो. श्यामराव म्हणाले, पुढच्या साली मी बी रिटायर होऊन राहिलो, बंडूले गावाले नेतो, गोंदियाकडं. मी म्हटलं, पण तो तर क्वार्टरचा. श्यामराव खूप हसले. त्यांना वाटलं मी जोक केला.

घरी आल्यावर भोलानं माझी पँट दहा मिनिटं हुंगली. प्रगती आहे. कमलिनीलाही तेच सांगितलं, बंडूनं ओळखलं नाही.

मोना सकाळी येऊन गेली होती. भोला पक्का.

१८ नोव्हेंबर, रात्री
ऐश्वर्याचा फोन. मी सेक्टरला गेल्याचं आईकडून कळलं होतं. पाच महिन्यांनी पहिल्यांदा बाबा म्हणाली. विचारलं, ओळखलं काय त्यानं? म्हटलं, नाही गं, वय झालं. ती म्हणाली, बरं झालं बाबा, म्हणजे विसरला तो, त्याले तरास नाही झाला. संक्रांतीला येते म्हणाली. कमलिनीनं आत्तापासून तीळ आणायचं काढलं आहे.

जे हवं होतं ते मिळालं. आणि बसवत नाही.

खोटं बोललो. कमलिनीशी, पोरीशी, परवा या वहीशीसुद्धा. ओळखलं त्यानं. स्कूटर कोपऱ्यावर होती तेव्हाच उठून उभा राहिला. शेपूट हलायला लागली, जोरात, अख्खं अंग हलत होतं. मी फाटकाशी पोचलो, बंडू म्हटलं. जवळ आला, हात हुंगला. मग शेपूट थांबली. मी तिथेच उभा राहिलो. कुत्र्याची माफी कशी मागतात मला माहीत नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि दारात आलेल्या सिंधुताईंच्या मागे जाऊन बसला.